निर्यातदारांच्या संघटनेत कसे शिरावे

आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक, म्हणजे आयईसी कोड निघाला, अपेडाची आरसीएमसी, म्हणजे शेतमाल निर्यातीचं नोंदणीपत्र हातात पडलं, पिंपळगावला पॅकहाऊस भाड्याने घेतलं आणि व्हिजिटिंग कार्डावर 'एक्स्पोर्ट्स' हा शब्द सोनेरी अक्षरांत छापून झाला. एवढ्यावर आपण निर्यातदार झालो असं तुम्हाला वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका. त्यासाठी माल परदेशी जावा लागतो, हाही एक खुळा समज. निर्यातदार तो, जो निर्यातदारांच्या संघटनेचा सभासद आहे.

आधी एक घोळ निस्तरू. अपेडा म्हणजे संघटना नव्हे. ते सरकारी प्राधिकरण, १९८५ च्या कायद्याने झालेलं. तिथे कागद अपलोड केले की नोंदणी होते आणि विषय संपतो. हार नाही, तुरे नाहीत, कार्याध्यक्ष नाही, 'दोन शब्द' बोलायची विनंती नाही. अशा ठिकाणी माणसाचं मन कसं रमणार? म्हणून संघटना.

प्रवेश अर्जावर सूचक आणि अनुमोदक लागतात. दोघेही तुमच्याच धंद्यातले, तुमच्याच गल्लीतले, आणि तुमचा बायर कोण याची तुमच्या बायकोपेक्षा जास्त चौकशी करणारे. अर्जात एक रकाना असतो, 'प्रमुख ग्राहक व देश'. तो भरताना हात जरा थरथरू द्या आणि 'आखाती देश व युरोप' एवढंच लिहा. या रकान्यात ज्याने कंपनीचं खरं नाव लिहिलं, त्याचा पुढचा कंटेनर अनुमोदकाच्या नावाने गेलेला मी पाहिला आहे.

वर्गणी भरलीत की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतात. तुम्ही बावळटासारखं विचारता, 'न्हावा शेवाला गेटवर गाड्यांची लाईन किती आहे?' उत्तर येत नाही. कारण त्या दिवशी उपाध्यक्षांचा वाढदिवस असतो. शुभेच्छा संपेपर्यंत तुमची रीफर, म्हणजे थंड कंटेनरची गाडी आपोआप आत गेलेली असते. एखादा प्रश्न फारच निकडीचा असेल तर सीएचएला, म्हणजे कस्टमच्या दलालाला फोन करा, तो पैसे घेतो म्हणून उत्तर देतो.

पण संघटनेचं खरं तेज पाहायचं तर निर्यातबंदीची वाट पाहावी लागते, आणि कांद्यात ती फार पाहावी लागत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात एक झाली, २०२० च्या सप्टेंबरात दुसरी. २०२३ साली तर जेवणाचं ताट वाढावं तसं सगळं क्रमाने आलं: ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (याहून स्वस्त पाठवायचाच नाही) आणि ८ डिसेंबरपासून थेट बंदी. अशा रात्री ग्रुपवर बंदीच्या आदेशाची एकच पीडीएफ दर दोन मिनिटांनी येते आणि प्रत्येक जण खाली 'कन्फर्म आहे का?' असं विचारतो. ज्याचा माल खळ्यावर गोण्या भरून पडलाय तो गप्प असतो. ज्याने हंगामात एक गोणीही भरलेली नाही, तो सर्वात मोठं पत्र लिहितो.

यातूनच निवेदन जन्माला येतं, आणि ते लिहिण्याची कला नीट शिकून घ्या. निवेदन निर्यातदारांचं असलं तरी त्यात 'निर्यातदार' हा शब्द शक्यतो येऊ नये. प्रत्येक परिच्छेदात 'बळीराजा' हवाच. तुमचे अडकलेले पैसे म्हणजे 'शेतकऱ्याच्या घामाचं दाम', तुमचा बुडालेला बायर म्हणजे 'देशाची पत'. मग लासलगावचे लिलाव पुन्हा सुरू झाले की त्याच बळीराजाचा कांदा 'बंदी आहे हो, काय करणार' असं म्हणत पडेल भावात घ्यायचा. यात विसंगती दिसत असेल तर तुम्ही अजून नवखे आहात.

निवेदन देतानाचा फोटो मात्र चुकवू नका. कागदाचं एक टोक मंत्र्यांच्या हातात, दुसरं अध्यक्षांच्या, आणि मधल्या उरलेल्या कडेला तेरा जणांची बोटं. तुमचं एक बोट त्यात लागलं पाहिजे. मागच्या रांगेतल्यांनी किमान हनुवटी वर ठेवावी.

मग वाट पाहायची. २०२३ ची ती बंदी पुढच्या ३१ मार्चला संपणार होती, ती पुढे ढकलली. एप्रिलच्या शेवटी २,००० टन पांढरा कांदा बाहेर पाठवायची मुभा मिळाली, तो मुख्यतः गुजरातचा. आपल्याकडच्या लाल-उन्हाळीवाल्यांनी कांद्याचा रंग बदलायचं काही औषध मिळतं का, एवढीच चौकशी करायची बाकी ठेवली. शेवटी ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्काचं जोखड ठेवून. संध्याकाळपर्यंत बॅनर लागले: 'आमच्या पाठपुराव्याला यश'. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं, असं कोणी कुचकटपणे म्हणालं तर त्याला ग्रुपमधून काढून टाकावं. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, पुन्हा पाठपुराव्याला यश. विधानसभा नोव्हेंबरात होती, पण तो पुन्हा तोच कुचकटपणा. बंदी येते ती सरकारमुळे आणि उठते ती संघटनेमुळे, हे सभासदाने एकदा पाठ करून ठेवलं की पुढची सगळी वर्षं सोपी जातात.

द्राक्षवाल्यांचं जरा वेगळं. त्यांना बंदीचा त्रास नाही, त्यांना एकमेकांचा आहे. हंगामाच्या तोंडावर नाशिकच्या एखाद्या हॉटेलात बैठक होते. हाय-टी असतो, समोसे असतात. ठराव ठरलेलाच: यंदा कोणीही मिनिमम गॅरंटीशिवाय, नुसत्या कन्साइनमेंटवर, म्हणजे तिथे विकेल त्या भावावर युरोपला माल पाठवायचा नाही, आणि पेटीचा भाव अमुक युरोच्या खाली कोणी उतरायचं नाही. सगळे हात वर. टाळ्या. आता तुम्ही सभागृहात न रेंगाळता पार्किंगमध्ये या. इथे चार गाड्यांच्या मागे चार जण फोनवर बोलत असतील, आवाज दबका, भाषा इंग्रजी. ठराव रॉटरडॅमच्या बायरकडे चहा निवायच्या आत पोहोचतो. ठरावाचा उपयोग नाही असं म्हणणारे मूर्ख आहेत. बाकीचे कुठल्या भावाखाली जाणार नाहीत, हे ठरावामुळे फुकटात कळतं. आपण त्याच्या दहा सेंट खाली जायचं.

मार्चमध्ये पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब येतो तेव्हा कळतं, की बाकीचे वीस सेंट खाली गेले होते. कधी कधी पट्टी उलटीही येते, म्हणजे माल तुमचा, भाडं तुमचं, आणि वर बायरला देणंही तुमचंच. ही गोष्ट ग्रुपवर लिहू नये. तिथे 'मार्केट गुड' असंच लिहावं. सगळे तेच लिहितात.

एखादा नवा पोरगा वार्षिक सभेत उठून विचारतो, पैसे बुडवणाऱ्या बायरांची यादी संघटनेने का ठेवू नये? २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा त्या रसायनाची तपासणी आपल्याकडच्या यादीतच नव्हती. असल्या गोष्टी युरोपातून कोणी आधी कळवायची सोय का करू नये? प्रश्न चांगले आहेत. खरं सांगायचं तर संघटना असावी ती याच दोन कामांसाठी, बाकी हार-तुरे घरीही घालता येतात. पण असे प्रश्न 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात टाकायची पद्धत आहे. ते सदर जेवणाच्या अगदी आधी येतं, आणि बासुंदी थंड असली तरी पुऱ्या गरम असतात. शिवाय बुडव्या बायरचा इथला एजंट खजिनदारांचा साडू निघतो, त्यामुळे यादीचा मसुदा खजिनदारांकडेच तपासायला दिला जातो.

परदेश दौऱ्यात मात्र नाव घाला. बर्लिनचं फळांचं प्रदर्शन फेब्रुवारीत भरतं, म्हणजे नेमकी आपली द्राक्षकाढणी ऐन भरात, पॅकहाऊस दोन पाळ्यांत. ज्याच्याकडे द्राक्षं आहेत त्याला जाता येत नाही. म्हणून ज्यांच्याकडे नाहीत ते द्राक्षांचं प्रतिनिधित्व करायला जातात. येताना चॉकलेटं आणतात आणि 'युरोपात क्वालिटीला फार महत्त्व आहे' हे आपल्याला सांगतात.

पाचेक वर्षं अशी निष्ठेने काढलीत की कार्यकारिणीच्या निवडणुकीला उभे राहा. पडाल. पडल्यावर रुसून घरी बसू नका, नवी संघटना काढा. नावात 'अखिल' किंवा 'महा' घाला, म्हणजे जुनी आपोआप तालुक्याची वाटते. सोसायटी नोंदवायला सात माणसं लागतात. तुम्ही, भाऊ, मेहुणा, सीए, पेट्यांचा पुठ्ठेवाला आणि तुमचा जुना अनुमोदक, तोही एव्हाना पडलेलाच असेल. सातवा गेटवर उभा आहे, गाडीचा ड्रायव्हर. त्याला उपाध्यक्ष करा, फक्त आधार कार्ड घरून मागवून घ्या.