खुलासा: युद्धावरून परतलेल्यांना अल्प्राझोलाम हाच उपचार?

‘अमेरिकेत माजी सैनिकांच्या पीटीएसडीवर अल्प्राझोलामसारख्या गोळ्या हाच मान्य उपचार आहे,’ असा मेसेज फिरतोय. पीटीएसडी म्हणजे युद्धासारख्या भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार, आणि अल्प्राझोलाम ही चिंता कमी करणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातली गोळी. मेसेज चुकीचा आहे. तिथल्या औषध प्रशासनाने या आजारासाठी मंजूर केलेली औषधं दोनच, सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन. दोन्ही मुळात नैराश्यावरची. २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचना तर गोळ्यांआधी बोलण्यातून होणारे मानसोपचार सुचवतात आणि अल्प्राझोलामच्या गटाला स्पष्ट नकार देतात.

मेसेज अगदीच हवेतला नाही म्हणा. १९९९ मध्ये माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत अशा सुमारे ३७ टक्के रुग्णांना या गटातली औषधं लिहून दिली गेली होती. २००९ मध्ये हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. मात्र कोणी या गोळ्या घेत असेल, तर हा खुलासा वाचून एकदम बंद करू नयेत. फिट (आकडी) येऊ शकते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.