विद्यार्थी भीमरावांचा पुतळा साताऱ्यात का नको म्हणे?

साताऱ्यात बाबासाहेबांचा शाळकरी वयातला पुतळा हवा, असा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. म्हणे, बाबासाहेब जन्मले महूला, शिकले मुंबईत नि परदेशात, साताऱ्याचा संबंध नावापुरता. पोराच्या रूपात उभं केलं तर एवढा मोठा माणूस लहान दिसेल. त्यापेक्षा तो पैसा शाळांना द्या.

संबंध नावापुरता कसा? ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. रजिस्टरात १९१४ क्रमांकाला ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आहे. म्हणूनच तर २०१७ मध्ये राज्य सरकारनं हा दिवस विद्यार्थी दिवस ठरवला. त्यांच्या आई भीमाबाई वारल्या त्याही साताऱ्यातच.

पैशाचं म्हणाल, तर शाळांना निधी मिळालाच पाहिजे. पण हा हिशेब बाकीच्या पुतळ्यांच्या वेळी कुणी मांडत नाही, याच वेळी बरा आठवतो.

‘लहान दिसेल’ हे वाक्य मात्र मला फार लागतं. वर्गात हा मुलगा कोपऱ्यात वेगळा बसे, स्वतःच्या गोणपाटावर. शाळेचा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून रोज ते घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी परत आणायचं. तहान लागली तर नळाला शिवायचं नाही. शिपायानं तोटी सोडली तरच पाणी. १९०१ च्या सुट्टीत वडिलांकडे सातारा जिल्ह्यातल्याच गोरेगावला निघालेला हा मुलगा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मुलांनीच हाकायची ठरली. तेव्हा आपण नऊ वर्षांचे होतो आणि तो प्रसंग मनावर कायमचा कोरला गेला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढचा चवदार तळ्याचा लढा ज्याला समजून घ्यायचाय, त्यानं आधी साताऱ्याच्या शाळेतला तो नळ बघावा. या वयात काय लहान आहे, सांगा.

माझी मागणी एवढीच, की पुतळा घडवताना हातात नुसतं पुस्तक देऊन मोकळं होऊ नका. काखेत गोणपाटाची गुंडाळी हवी, आणि ती कशाची हे चौथऱ्यावर मराठीत स्पष्ट लिहिलेलं हवं.