गुरगुरला म्हणून उताणा पाडायचा?

सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. दत्तक आणलेला कुत्रा गुरगुरला की लगेच उताणा पाडून मान दाबा, खाताना त्याच्या वाडग्यात हात घाला, म्हणजे मालक कोण ते त्याला कळतं. लांडग्यांचा म्होरक्या असंच करतो म्हणे. शेवटी तळटीप: घरचाच कुत्रा चावला तर हळद पुरते.

आधी लांडगे. ही म्होरक्याची कल्पना प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निरीक्षणांतली, आणि ते लांडगे होते कोंडलेले. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी १९७० च्या पुस्तकात तीच उचलली. पुढे रानातले कळप पाहून १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. फॉरवर्डवाल्यांपर्यंत ही दुरुस्ती अजून पोचलेली नाही.

उताणं पाडणं. २००९ च्या एका अमेरिकन पाहणीत, वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांपैकी ज्यांनी हे करून पाहिलं होतं, त्यांतल्या ३१ टक्के लोकांच्या अंगावर कुत्रा धावून आला होता. मारणाऱ्यांत किंवा लाथ घालणाऱ्यांत हेच प्रमाण ४३ टक्के.

वाडग्याचं मी स्वतः भोगलंय. आमची काळी देशी कुत्री चौथ्या दिवशी दूधपोळीवर गुरगुरली. त्याआधी तिचं चघळणं थांबलं होतं, मान वाडग्यावर तशीच गोठली होती, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसत होता. मला ते वाचताच आलं नाही. ओरडलो आणि वाडगा उचलला. असं दोन-तीनदा केल्यावर तिने गुरगुरणं सोडलं, आणि एके दिवशी आवाज न करता थेट मनगट धरलं. इशारा देण्याची सोय मीच बंद करून टाकली होती!

मग वाडग्याला हात लावणं बंद. ती खात असताना लांबूनच उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. अंतर रोज थोडंसंच कमी, ती अंग आखडते असं वाटलं की पुन्हा मागे. तीनेक आठवड्यांनी माझी चाहूल लागली की शेपूट हलायला लागली.

कान, दात, सांधे दुखत असले तरी कुत्रा गुरगुरतो, त्यामुळे आधी व्हेटकडे. चावे वाढत असतील तर घरगुती प्रयोग नकोतच.

आणि हळद? अजिबात नाही. दात लागले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायची, कुत्रा घरचा असला तरी.