प्रेक्षकाला नुसतं चालवलं म्हणजे सहभाग होत नाही

हल्ली नाटकवाल्यांच्या गप्पांत आणि अनुदानाच्या अर्जांत एक प्रकार फार जोरात आहे. चालत करायचा सहभागी प्रयोग. थिएटरच्या तारखांसाठी मारामारी नाही, नेपथ्याचा टेम्पो नाही. वीस-पंचवीस माणसं गोळा करायची आणि शहरातून फिरवून आणायची. मीही हेच करते, त्यामुळे नाक मुरडायला मोकळी नाही. पण अलीकडे अशा ज्या प्रयोगांना गेले, त्यातल्या बहुतेकांत माझं काम एवढंच होतं की वळा म्हटलं की वळायचं, थांबा म्हटलं की थांबायचं आणि शेवटी गोलात उभं राहून 'काय वाटलं' ते सांगायचं. शाळेच्या सहलीत याहून जास्त मोकळीक असते.

माझं म्हणणं थोडक्यात असं: चालणाऱ्याला प्रयोग थांबवता येत नसेल, त्याचा वेग बदलता येत नसेल, तर त्याला सरळ प्रेक्षक म्हणा. प्रेक्षक असण्यात काय कमीपणा आहे?

अशा प्रयोगांत बऱ्याचदा कानात सूचना देणारे हेडफोन असतात. हेडफोन वाईट असं मी म्हणत नाहीये. कॅनडाची कलाकार जॅनेट कार्डिफ १९९१ पासून ऑडिओ वॉक करतेय. कानात तिचा आवाज, तिची पावलं, आणि थोड्या वेळाने आपली पावलं तिच्याशी जुळायला लागतात. सुंदर काम आहे. पण मला जास्त शिकवलं ते रिमिनी प्रोटोकोल या जर्मनीतल्या गटाच्या दोन प्रयोगांनी. २००५ मधला 'कॉल कट्टा' असा होता: बर्लिनमध्ये एक माणूस मोबाइल कानाला लावून रस्त्यावरून चाललाय आणि त्याला वाट दाखवतोय कोलकात्याच्या कॉल सेंटरमधला कर्मचारी. जिवंत माणूस. त्याला उलट प्रश्न विचारता येतो, थापा मारता येतात, विषय बदलता येतो. पुढे त्याच गटाच्या 'रिमोट' मालिकेत पन्नासेक लोक हेडफोन लावून यंत्राच्या आवाजामागे शहरभर फिरतात. तिथे आज्ञा पाळणं हाच विषय आहे, कळप कसा तयार होतो ते त्यांना दाखवायचंय. आपल्याकडे नक्कल झाली तेव्हा हेडफोन आले, प्रश्न तिकडेच राहिला.

आता वारीकडे येते, कारण कमेंटमध्ये कोणीतरी आणणारच. वारीला परफॉर्मन्स म्हटलेलं मला आवडत नाही. माणसं विठ्ठलाला भेटायला चाललेली असतात, त्यांना आपल्या सेमिनारशी देणंघेणं नाही. तरीही इतक्या लोकांनी एकत्र चालायचं कसं, याची रचना शिकायला मला तरी दुसरी शाळा माहीत नाही. पताका कुठे, तुळशीवाल्या बाया कुठे, टाळकरी, पखवाजी, वीणेकरी कुठे हे दिंडीत ठरलेलं. दिवसभरात कोणत्या वेळी काय म्हणायचं तेही ठरलेलं, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, वारांचे अभंग, हरिपाठ. त्यामुळे वाटेत कोणी कोणाला सूचना देत बसत नाही.

आणि संध्याकाळची समाजआरती! माउलींची पालखी तळावर पोचली की दिंड्या भोवती गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि तो सगळा टाळमृदंगाचा कल्लोळ एकदम थांबतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिचे टाळ थांबत नाहीत. वाजतच राहतात. मग चोपदाराने तिथे जायचं, ऐकून घ्यायचं, आणि त्यानंतरच पुढे सरकायचं. दिवसभर चालून दमलेला अख्खा समाज एका दिंडीसाठी खोळंबून उभा! कुठल्याही नाट्यशिबिरात मला यापेक्षा चांगलं तंत्र कोणी शिकवलेलं नाही.

याचा अर्थ वारीत सगळं समान आहे असा नाही. इरावती कर्व्यांनी दिंडीबरोबर चालून लिहून ठेवलंय की दिवसभर एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसत. एकत्र चालल्याने माणसं एक होतात, असं ज्यांना ब्रोशरमध्ये छापायचंय त्यांनी आधी ते वाचावं.

आमचा प्रयोग पुण्यातल्या पानशेतच्या पुरावर आहे. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासला धरणही गेलं आणि मुठा नदी पेठांत शिरली. घरं गेलेल्या कितीतरी कुटुंबांना नंतर गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छपराच्या घरांत, हलवलं. आम्ही तीच वाट चालतो: ओंकारेश्वर, नारायण पेठ, लकडी पूल, डेक्कन, बीएमसीसी रस्ता, सेनापती बापट रस्ता, गोखलेनगर. पूर आला आणि पाठोपाठ शहराचे नळ कोरडे पडले, हा विरोधाभास मला कधीचा छळत होता. म्हणून चालताना सोबत एक भरलेली तांब्याची कळशी असते.

नियम दोनच. कळशी ज्याच्याकडे, वेग त्याचा. त्याच्यापुढे कोणी जायचं नाही, आणि जड झाली की कोणालाही द्यायची. दुसरा नियम सरळ समाजआरतीतून उचललाय. प्रत्येकाकडे वाटी-चमचा (करोनातल्या थाळ्यांची आठवण काढू नका, प्लीज). कोणीही वाजवला की सगळे जागच्या जागी थांबणार आणि फक्त तोच बोलणार. वाटेत भेटलेल्या माणसालाही हा हक्क आहे.

कळशीमुळे गंमत होते. व्यायामशाळेतली पोरं ती पोटाशी धरतात आणि चौकात पोचेपर्यंत घामाघूम होतात. साठी ओलांडलेल्या एक बाई ती कमरेवर घेऊन अशा सुटल्या की बाकीचे मागे धावत होते. तालमीत हे बसवता आलं नसतं. तालीम आम्ही नटांचीच करतो, आणि तीही गप्प राहायची. नटाला रस्त्यावर काहीही न करता चालायला लावणं महाकठीण. आमच्यातला एकजण दर वळणावर अजूनही अर्थपूर्ण बघतो.

दुसरा नियम पहिल्यांदा खरोखर टोचला तो गोखलेनगरात. तिथल्या एका मुलीने चालणाऱ्यांतल्या एकाच्या हातून वाटी-चमचा घेतला, वाजवला आणि विचारलं, "आमच्या घरांचे फोटो कशाला काढताय? तुमच्या सोसायटीचे काढता का?" नियम असा की इतरांनी बोलायचं नाही. त्यामुळे खुलासे नाहीत, 'आमचा उद्देश चांगला आहे' नाही. सगळे भर पावसात उभे राहून ऐकत होते. मग काहींनी फोन खिशात टाकले, दोघं निघून गेले, ती मुलगी शेवटपर्यंत आमच्याबरोबर चालली. तेव्हापासून तिथे फोटो बंद. प्रायोजकांना पाठवायला व्हिडिओ नसतो, त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

अडचणी आहेतच. पोलिसांच्या अर्जात वाट आणि वेळ लिहून द्यावी लागते. कोण किती वेळ थांबवेल ते कसं लिहिणार? आम्ही अंदाजाच्या दुप्पट लिहितो. फुटपाथवर दुचाक्या, त्यामुळे व्हीलचेअर रस्त्यावर उतरवावी लागते आणि मग मागून हॉर्न. त्यासाठी आता दोन नट फक्त वाहतुकीकडे बघायला ठेवलेत. त्यातला एक तोच, अर्थपूर्ण बघणारा. तिथे ते कामी येतं.

एक दिग्दर्शक मित्र म्हणाला, "मग तू काय करतेस?" वाट ठरवते, कळशीत पाणी किती भरायचं ते ठरवते. काठोकाठ भरली तर लोक फक्त पाण्याकडे बघत चालतात, अर्धी ठेवली तर विसरून जातात. गळ्याच्या चार बोटं खाली बरोबर बसतं.

या जुलैत पुन्हा चालणार आहोत. यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. तिकीट नाही. चपला पावसात सटकतात, बूट घाला, आणि वाटी-चमचा घरून आणा. प्लॅस्टिकचा नको, ऐकू येत नाही.