अंतराचं प्रकरण नसेल तर पुस्तक परत ठेवा

विश्वावरचं, ताऱ्यांवरचं पुस्तक दादरच्या दुकानात घ्या की फोर्टच्या फुटपाथवर, पैसे काढण्याआधी एवढंच बघा: अंतर कसं मोजतात याचं प्रकरण त्यात आहे का? नसेल तर मुखपृष्ठावर कितीही देखणी दीर्घिका असो, पुस्तक परत ठेवा.

कारण सांगतो. विश्वाचं वय, आकार, प्रसरण, कृष्णऊर्जा (प्रसरणाचा वेग वाढवणारी अज्ञात ऊर्जा) यातलं काहीच थेट मोजता येत नाही. सगळं शेवटी एकाच प्रश्नावर येऊन टेकतं: समोर दिसतंय ते किती लांब आहे? 'देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे' असं एका वाक्यात सांगून लेखक पुढे सरकला, की वाचकाच्या हाती फक्त मान डोलवणं उरतं. उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कुठल्याही आकड्याला तो तशीच मान डोलावणार. मला याचा मनापासून राग येतो, कारण अंतरं मोजण्याची हकीकत हा या शास्त्रातला सगळ्यात रंगतदार भाग आहे आणि ती समजायला दहावीपर्यंतचं गणित पुरतं.

पहिली पायरी पॅरलॅक्सची. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या या बाजूकडून त्या बाजूला जाते, तेव्हा जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. त्या सरकण्याचा निम्मा कोन म्हणजे पॅरलॅक्स. बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचा हा कोन मोजला, तो साधारण ०.३१ विकला भरला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). चर्चगेटला उभं राहून सरळ रेषेत १८ किलोमीटरवर, म्हणजे पार्ल्याला धरलेलं दहा रुपयांचं नाणं जेवढं दिसेल, तेवढा हा कोन. पुस्तकात याची आकृती असेल तर नीट बघा. निम्म्या कोनाच्या जागी पूर्ण कोन दाखवला असेल तर पार्सेकची (ज्या अंतरावर पॅरलॅक्स एक विकला भरतो, त्या अंतराची) व्याख्या दुपटीनं चुकते, आणि पुढचं उदाहरण सोडवायला बसलेला विद्यार्थी आपलंच चुकलं असं समजून गप्प बसतो.

दुसरी पायरी सेफीड ताऱ्यांची, आणि पुस्तकाची खरी परीक्षा इथे होते. हे तारे ठरावीक काळाने उजळतात आणि मंदावतात. हेन्रिएटा लेव्हिट यांनी हार्वर्ड वेधशाळेतल्या फोटोच्या काचा तपासून लहान मॅगेलनी मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या अशा २५ ताऱ्यांचा अभ्यास १९१२ मध्ये मांडला. उजळण्या-मंदावण्याचा काळ जितका मोठा, तितका तारा तेजस्वी. म्हणजे काळ मोजला की खरं तेज कळतं, आणि तारा प्रत्यक्षात किती मंद दिसतो यावरून अंतर निघतं. एवढं बहुतेक पुस्तकांत असतं. पण मॅगेलनी मेघच का? तर तिथले सगळे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, त्यामुळे जो तेजस्वी दिसतो तो खरोखरच तेजस्वी असतो, जवळ आहे म्हणून नव्हे. हे एक वाक्य गाळलं की सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. दुकानात उभ्या उभ्या हेच वाक्य शोधा. सापडलं तर लेखकाला विषय कळलेला आहे असं समजायला हरकत नाही.

खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना १९२३ मध्ये देवयानीत असा एक तारा सापडला, साधारण ३१ दिवसांत एक फेरा पूर्ण करणारा. त्यावरून त्यांनी काढलेलं अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं होतं, आजच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. १९२९ मध्ये त्यांनी दीर्घिकांचे आपल्यापासून दूर जाण्याचे वेग आणि अंतरं यांची सांगड घातली, तेव्हा प्रसरणाचा दर निघाला दर मेगापार्सेकला (दहा लाख पार्सेकला) सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर.

इथे पेन्सिल घ्या. या दरावरून विश्वाच्या वयाचा अंदाज काढायचा असेल तर ९७८ ला त्या दराने भागा, उत्तर अब्ज वर्षांत येतं (९७८ हा फक्त एककं बदलण्यासाठीचा आकडा). ९७८ भागिले ५०० म्हणजे २ अब्ज वर्षांपेक्षाही कमी. पृथ्वीवरचे खडक याहून जुने असल्याचं तेव्हाच दिसू लागलं होतं, म्हणजे विश्व पृथ्वीहून तरुण! कुठेतरी मोठी चूक होती. ती १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवली: सेफीड दोन जातींचे असतात, आणि एका जातीची मोजपट्टी दुसरीला लावली गेली होती. अंतरं एकदम दुप्पट झाली. (बाडे यांना ताऱ्यांच्या दोन पिढ्या ओळखता आल्या त्या युद्धकाळातल्या निरीक्षणांतून, लॉस एंजेलिसमध्ये दिवे मालवलेले असताना. मुंबईकरांना या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.) आज ७० धरून भागाकार केला तर जवळजवळ १४ अब्ज येतात. प्रसरणाचा वेग आधी मंदावत गेला आणि नंतर वाढू लागला, त्याचा हिशेब धरला की १३.८ अब्ज. ज्या पुस्तकात चूक कशी झाली आणि कशी सापडली हे सांगितलेलं असतं, त्यातला बरोबर आकडाही वाचकाला आपला वाटतो.

तिसरी पायरी एक-ए जातीच्या सुपरनोव्हांची, म्हणजे ज्यांचं खरं तेज जवळजवळ सारखं धरता येतं अशा ताऱ्यांच्या स्फोटांची. १९९८ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, म्हणजेच प्रसरण वेगानं वाढतंय. २०११ चं नोबेल त्यासाठी मिळालं. चांगलं पुस्तक इथे लगेच विचारतं: मधल्या धुळीमुळे ते मंद दिसत नसतील कशावरून? साधी धूळ प्रकाश नुसता मंद करत नाही, तांबूसही करते, म्हणून वेगवेगळ्या रंगांत मोजून ती ओळखता येते. ही शंका न घेता थेट 'गूढ कृष्णऊर्जा'वर उडी मारणारी पुस्तकं मला आवडत नाहीत.

पुस्तक कोणत्या काळातलं आहे हे ओळखायची एक सोपी खूण सांगतो. विश्वाचं वय '१० ते २० अब्ज वर्षं' असं मोघम दिलं असेल तर मजकूर बहुधा १९९८ च्या आधीचा. १३.७ अब्ज आणि साधं द्रव्य, कृष्णद्रव्य (न दिसणारं द्रव्य), कृष्णऊर्जा यांची ४, २३, ७३ टक्के अशी वाटणी असेल तर डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या काळातला, म्हणजे २००३ ते २०१३ मधला. १३.८ अब्ज आणि ५, २७, ६८ टक्के असेल तर प्लँक उपग्रहानंतरचा. पहिल्या पानांवर 'नवी आवृत्ती' छापलेलं असतं, पण आतला मजकूर पाहिला की ते नुसतं पुनर्मुद्रण असल्याचं कळतं. भाषांतर असेल तर मूळ पुस्तकाचं साल शोधा, मराठी आवृत्तीचं नव्हे.

जुनं म्हणजे टाकाऊ, असं मात्र नाही. भौतिकशास्त्रज्ञ वाइनबर्ग यांचं विश्वाच्या पहिल्या तीन मिनिटांवरचं पुस्तक १९७७ चं. त्यात इन्फ्लेशन (जन्मानंतर क्षणार्धात विश्व प्रचंड फुगलं ही कल्पना) नाही, कृष्णऊर्जा नाही, पण हायड्रोजन-हेलियमचं प्रमाण कसं ठरलं हा भाग आजही तसाच उभा आहे. हॉकिंग यांचं 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' १९८८ चं, वाढत्या वेगाच्या प्रसरणाच्या शोधाआधी दहा वर्षं आलेलं. ते जरूर वाचा, पण विश्वाच्या शेवटाबद्दल तिथे जे आहे तो आजचा निकाल नाही हे लक्षात ठेवून.

आपल्याकडे आणखी एक बाब आहे. विश्वोत्पत्तीची मराठी वाचकाला झालेली ओळख बरीचशी जयंत नारळीकरांमुळे, आणि नारळीकर महास्फोटाच्या (बिग बँगच्या) सिद्धांताशी सहमत नव्हते. १९९३ मध्ये त्यांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत पर्यायी सिद्धांत मांडला आणि ते शेवटपर्यंत महास्फोटाविषयी शंका घेत राहिले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना तो पर्याय पटला नाही, त्याचं मोठं कारण १९६५ मध्ये सापडलेलं सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या तप्त अवस्थेतून उरलेलं, सगळ्या दिशांनी येणारं प्रारण, आणि नंतर झालेली त्याची काटेकोर मोजमापं. तरीही त्यांचं लेखन मी पहिल्यांदा वाचायला सांगेन. प्रस्थापित मतालाही 'कशावरून?' असं विचारायची सवय त्यातून लागते. फक्त दुसरी बाजू मांडणारं एखादं पुस्तक जोडीला ठेवा.

आता छपाईच्या चुका. यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, पण वाचकाचं सर्वाधिक नुकसान त्यांनीच होतं. दहाचा अकरावा घात छापताना वरचा छोटा ११ खाली उतरतो आणि होतं 'आकाशगंगेत १०११ तारे'. वाचक वाचतो एक हजार अकरा. खरा आकडा शंभर अब्जांच्या घरातला, म्हणजे दहा हजार कोटी. सूर्याचं वस्तुमान 'दोन गुणिले १०३० किलो' होतं, म्हणजे एखाद्या मोटारगाडीच्या जवळपास. सगळ्यात वाईट अवस्था उणे घातांची: इन्फ्लेशनचा काळ '१०-३५ सेकंद' असा छापला की वाचकाला ते दहा ते पस्तीस सेकंद वाटतात. मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात टाकताना वर चढवलेल्या अंकांची मांडणी पुसली जाते आणि मुद्रितशोधकाला विषय माहीत नसतो. उपाय सोपा आहे: घात अक्षरांत लिहा आणि शेवटच्या प्रुफात फक्त आकडे तपासणारा एक माणूस ठेवा. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे अब्ज, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी, एवढा तक्ता त्याच्या टेबलावर असला की निम्म्या चुका टळतील.

चित्रांचंही तसंच. गरुड अभ्रिका या वायू-धुळीच्या ढगातल्या खांबांचं हबल दुर्बिणीचं १९९५ चं छायाचित्र जवळपास प्रत्येक पुस्तकात असतं. त्यात गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवलाय. रंग असे वाटून दिले की कोणतं मूलद्रव्य कुठे आहे ते वेगळं कळतं. चित्राखाली हे लिहिलेलं नसेल तर मुलं दुर्बिणीला डोळा लावतात, राखाडी डाग बघतात आणि हिरमुसतात. दोष दुर्बिणीचा नसतो, चित्राखालच्या ओळीचा असतो.

आकाशाचे नकाशे असलेलं परदेशी पुस्तक घेताना अक्षांश बघा. अनेक नकाशे ४० ते ५० अंश उत्तरेसाठी काढलेले असतात, मुंबई १९ अंशांवर आहे. तिथे सप्तर्षी कधीच मावळत नाहीत असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते मावळतात. तिथल्या नकाशात अगस्त्य तारा नसतोच. आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे १८ अंशांवर असतो, समोर इमारत नसेल तर शहरातूनही सहज दिसतो. देवयानी दीर्घिका मात्र शहरातून नुसत्या डोळ्यांनी शोधत बसू नका, त्यासाठी दिव्यांपासून लांब जायला हवं.

भाषांतरकारांनी आपल्याकडच्या कामाची निदान तळटीप तरी द्यावी, असं मला फार वाटतं. टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेच्या गटाने १९६५ मध्ये कल्याणला सहा फुटी ३२ अँटेना उभारून सूर्याचा रेडिओ अभ्यास केला. तिथून उटीची रेडिओ दुर्बीण आणि मग नारायणगावजवळच्या खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. कल्याण लोकलने रोज जाणाऱ्या वाचकाला हे कळायला नको का?

वाचायचं कसं? महास्फोटाच्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. आधी वर्णपट, मग अंतरं, मग प्रसरण, आणि महास्फोट सगळ्यात शेवटी. प्रसरणाच्या दराशी आलात की दोन आकडे शोधा: पार्श्वप्रारणावरून येणारा ६७ च्या आसपासचा, आणि सेफीड व सुपरनोव्हांवरून येणारा ७३ च्या आसपासचा. हा फरक अजून मिटलेला नाही. २०१९ नंतरचं पुस्तक एकच आकडा देऊन मोकळं होत असेल तर लेखकाने घाई केली आहे. जून ते सप्टेंबर मुंबईचं आकाश बंदच असतं, या वाचनाला ते चार महिने पुरतात.

ग्रंथालयांना एक विनंती. खगोलशास्त्राच्या कपाटातली जुनी पुस्तकं काढून टाकू नका, प्रत्येकात आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा. मूळ लेखन कोणत्या सालचं, हे सगळ्यात वर. त्याखाली: विश्वाचं वय आता १३.८ अब्ज वर्षं मानतात, प्रसरणाचा वेग वाढतोय हे १९९८ मध्ये कळलं, प्लूटो २००६ पासून बटुग्रह, गुरुत्वीय लहरी २०१५ मध्ये प्रथम थेट नोंदल्या गेल्या, कृष्णविवराच्या सावलीची पहिली प्रतिमा २०१९ ची. एका संध्याकाळी दोन स्वयंसेवक बसले तर अख्खं कपाट होईल.