गोळीला खाडा दिला की ती परत लागू होते म्हणे!

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तो नेमका आचऱ्याच्या आत्यापर्यंत पोचला म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डना मी उत्तर देत बसत नाही. आत्याला एसएलएल आहे, म्हणजे गाठींचा सावकाश वाढणारा लिम्फोमा, एक प्रकारचा कॅन्सर. केमोनंतर उलटला म्हणून आता इब्रुटिनिबची गोळी चालू आहे. मेसेज म्हणतो: शरीराला गोळीची सवय होते, म्हणून दर महिन्याला दहा दिवस खाडा करा, हा रेझिस्टन्स (गोळी लागू न पडणं) जेनेटिक, म्हणजे आईबापाकडून आलेला असतो, तेव्हा घरातली लग्नं जपून ठरवा, रोज पपनसाचा रस प्या, आणि हे सगळं कंपन्या लपवतात.

सवय-बिवय काही नाही हो. या कॅन्सरच्या पेशी बीटीके नावाच्या प्रोटीनच्या जोरावर तगतात. गोळी त्या प्रोटीनच्या ४८१ नंबरच्या जागी सिस्टीन नावाचा जो घटक असतो त्याला पक्की चिकटते. काही पेशींच्या जीनमध्ये एकच अक्षर बदलतं, सिस्टीनच्या जागी सेरीन हा दुसरा घटक येतो, मग गोळी नुसती टेकते आणि सुटते, आणि रक्तातून तर ती काही तासांत उतरतेच. होडी बांधायचा खुंटाच गुळगुळीत झाला तर दोर दहा दिवस उन्हात वाळत घालून काय होणार? उलट त्या दहा दिवसांत ज्या पेशींवर गोळी अजून चालतेय त्याही मोकाट सुटतात. काही पेशंटमध्ये गोळी थांबवल्यावर गाठी झपाट्याने उसळतात, म्हणून तर गोळी लागू पडेनाशी झाली तरी पुढचं औषध हातात येईपर्यंत डॉक्टर बऱ्याचदा तीच चालू ठेवतात. ऑपरेशनच्या आधी-नंतर काही दिवस ती थांबवतात हे खरं, पण ते रक्तस्त्रावाच्या भीतीने, तेही डॉक्टर सांगतील तेव्हाच.

आता लग्नाचं. आत्याने फोनवर मला विचारलं, "माज्यामुळा नातीचा लगीन अडतला काय रे?" हे वाचून मेसेज लिहिणाऱ्याला काय वाटायचं ते वाटो. २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पेपर आला, इब्रुटिनिब चालू असताना आजार उलटलेल्या सहा पेशंटचा, आजार सीएलएल, म्हणजे एसएलएलचाच रक्तातला भाऊ. पाच जणांत हाच ४८१ चा बदल सापडला, दोघांत पीएलसीजी२ नावाच्या दुसऱ्या जीनमध्ये (एकात दोन्ही). आणि त्याच पेशंटच्या गोळी सुरू होण्याआधीच्या नमुन्यांत हे बदल दिसले नव्हते. आईबापाकडून आलेले असते तर आधीच दिसले नसते का? हे बदल कॅन्सरच्या पेशीत घडतात, ते मुलानातवंडांत उतरत नाहीत. हां, एसएलएल काही घरांत एकापेक्षा जास्त जणांना होतो, तेवढं मान्य. पण ते वेगळं आणि रेझिस्टन्स वेगळा, मेसेजवाल्याने दोन्हीची मिसळ केलीय.

कंपन्या लपवतात म्हणे! गोळीला अमेरिकेत पहिली मान्यता नोव्हेंबर २०१३ ची आणि पेपर पुढच्याच वर्षीचा, तोही जगातल्या सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या मेडिकल जर्नलांपैकी एकात. लपवायची ही कसली रीत?

पपनस चतुर्थीला गणपतीवरच्या माटवीला बांधा, आत्याला देऊ नका. ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच पोर, आणि इब्रुटिनिबच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असं स्पष्ट लिहिलंय. आतड्यात गोळी मोडणारं एन्झाइम त्या रसाने अडतं, रक्तात औषध वाढतं, मग रक्तस्त्राव नाहीतर हृदयाचे ठोके बिघडणं.

मेसेजमधलं एक मात्र खरं, काही जणांत गोळी लागू पडेनाशी होते. पण तेव्हा करायचं काय ते त्यात नाहीच. बीटीके आणि पीएलसीजी२ ची टेस्ट करता येते, ती डॉक्टरांना विचारा. ४८१ चा बदल निघाला तर अकालाब्रुटिनिब किंवा झानुब्रुटिनिब या तसल्याच गोळ्यांवर जाऊन फायदा नाही, त्याही तिथेच चिकटतात. वेनेटोक्लॅक्स हे दुसरं औषध वेगळ्या वाटेने जातं, पिर्टोब्रुटिनिबला ४८१ वर चिकटावं लागत नाही. त्यांनाही पुढे रेझिस्टन्स येतो, पण मधला काळ मिळतो, आणि आत्याची गोळी तर अजून चाललीय.