मीटिंग शक्यतो घराजवळची शोधा

दारू सोडण्यासाठी एए-च्या, म्हणजे मद्यासक्तांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगला जावे का, असे मला विचारणाऱ्या ठाणेकरांचा खरा प्रश्न मीटिंग कुठे भरते हा नसतोच. तिथे कोणी ओळखीचे तर भेटणार नाही ना, हा असतो. म्हणून नौपाड्यातला माणूस ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून वाशी किंवा नेरूळ गाठतो आणि वाशीचा माणूस ठाण्यात येऊन बसतो. ही लाज मी समजू शकते. तरीही माझे स्पष्ट मत आहे की लांबची मीटिंग फार तर सुरुवातीपुरती ठीक आहे. टिकायचे असेल तर घरापासून चालत जाता येईल अशी मीटिंग हवी.

कारण साधे आहे. तलफ ठरवून येत नाही. ती बहुधा संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, स्टेशनबाहेरच्या गर्दीत येते. त्या वेळी मीटिंग दहा मिनिटांवर असेल तर पाऊल तिकडे वळण्याची शक्यता असते. गाडी बदलून जायचे असेल तर पाऊस, उशीर, मेगाब्लॉक यांपैकी एखादे कारण मन लगेच पुढे करते. मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून उपचार घेऊन परतलेल्यांसाठी तर घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत प्रवासाचा कंटाळा घात करतो.

राहिला प्रश्न ओळखीच्या माणसाचा. तो तिथे भेटलाच तर तुम्ही ज्या कारणासाठी आला आहात त्याच कारणासाठी तोही आलेला असतो, आणि खोलीत ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हा संकेत दोघांनाही लागू असतो. तिथे आडनावाची गरज नसते. सभासदत्वाची एकच अट आहे: पिणे थांबवण्याची इच्छा. फी नाही, शेवटी थैली फिरते, तिच्यात सभासद ऐपतीप्रमाणे टाकतात आणि नवख्याने काही टाकले नाही तरी चालते. मी स्वतः घरच्यांपैकी एकासाठी खुल्या, म्हणजे कोणालाही बसता येणाऱ्या, मीटिंगना जाते. कोणासाठी, हे इथे लिहिणार नाही, कारण ते सांगण्याचा अधिकार माझा नाही. (बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते, त्यामुळे तिथे नातेवाइकांनी हट्ट धरू नये.)

मीटिंगची माहिती एए-च्या भारतातील संकेतस्थळावर मिळते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइनही उपचारांबाबत मार्गदर्शन करते. मात्र वेळ आणि खोली बदलत असते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी आणि मीटिंग मराठीत, हिंदीत की इंग्रजीत चालते हेही विचारून घ्यावे. मनातले बोलायला परकी भाषा आड आली, तर माणूस गप्प बसून परत येतो.

पुष्कळ मीटिंग शाळेच्या किंवा चर्चच्या खोलीत भरतात आणि चर्च म्हटले की काही घरांत भुवया उंचावतात. एए कोणत्याही धर्माशी किंवा पंथाशी बांधलेले नाही. जागा मिळते तिथे मीटिंग भरते, एवढाच त्याचा अर्थ. दारूपासून दूर राहण्यासाठी एए-ने आखलेल्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, पण 'आम्हाला जसा उमगला तसा देव' अशी सवलतही आहे. पक्क्या नास्तिकाला तेवढ्यानेही खटकू शकते आणि त्याची ती तक्रार मला रास्त वाटते. तरी त्याने दोन-चार वेगवेगळे गट पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये, कारण एका गटाचा सूर दुसऱ्याशी जुळतोच असे नाही.

'मी श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही', हा युक्तिवाद आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. महिनाभर न पिणे हा पुरावा नव्हे. त्याआधी गटारीला काय झाले आणि श्रावण संपण्याची वाट कशी पाहिली जाते, हे घरच्यांना विचारावे.

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन मद्यासक्तांच्या भेटीतून सुरू झालेल्या या पद्धतीकडे डॉक्टरही पूर्वी साशंकतेने पाहत. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा रुग्णांना पद्धतशीरपणे एए-शी जोडून देणारे उपचार संपूर्ण मद्यमुक्ती टिकवण्यात इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरल्याचे दिसले. यातला 'जोडून देणारे' हा भाग मला महत्त्वाचा वाटतो: नुसता पत्ता हातात ठेवणे वेगळे आणि कोणीतरी बरोबर नेऊन बसवणे वेगळे.

मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे, हेही तितकेच खरे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. अशा माणसाने आधी डॉक्टरांना भेटावे. आणि घरच्यांनी त्याच्या मीटिंगची हजेरी घेत बसण्याऐवजी आपल्यासाठी असलेल्या अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जावे. तो पिणे थांबवो अथवा न थांबवो, तिथे आपल्याला जाता येते.

ठाण्यात किंवा वाशीत पहिल्या खुल्या मीटिंगला एकटे जाणे जड वाटत असेल तर मला मेसेज करा. मी बरोबर येईन.